न वापरलेल्या व्यापारचिन्हाचा हक्क



खानदेशातील व्यापारी घराण्यांत जागेचे उतारे आणि मुदतठेवीच्या पावत्या यांच्या जोडीला तिजोरीत आणखी एक कागद असतो, तो म्हणजे व्यापारचिन्हाच्या नोंदणीचे प्रमाणपत्र. दर १० वर्षांनी शुल्क भरून त्याचे नूतनीकरण होते आणि घरातील मंडळी निश्चिंत होतात. ही निश्चिंती अर्धवट माहितीवर उभी असते. शेत पडीक राहिले म्हणून सातबारावरील नाव पुसले जात नाही; व्यापारचिन्ह पडीक राहिले तर नोंदवहीतील नाव पुसले जाऊ शकते.

समजा, जळगावच्या एका डाळ मिलने आपल्या तूरडाळीच्या कट्ट्यांसाठी एक नाव नोंदविले. पुढे भावाभावांत वाटणी झाली, मिल बंद पडली, नोंद मात्र राहिली. बऱ्याच वर्षांनी धुळ्यातील एका तरुणाचा त्याच नावाचा अर्ज या नोंदीपाशी अडतो. अशा वेळी १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचे कलम ४७ त्याच्या उपयोगी पडते. चिन्ह नोंदवहीत प्रत्यक्ष चढल्यापासून सलग ५ वर्षे व त्याहून अधिक काळ खऱ्या अर्थाने वापरले गेले नसेल, तर बाधित व्यक्तीला ते काढून टाकण्याची मागणी करता येते. ही मुदत मोजताना अर्जापूर्वीचे शेवटचे ३ महिने वगळतात. कुणकुण लागताच घाईघाईने चार कट्टे विकून हक्क वाचविण्याची सोय राहू नये, म्हणून ही शहाणी तरतूद आहे. अर्ज निबंधकांकडे किंवा उच्च न्यायालयात होतो. पूर्वीचे अपील मंडळ २०२१ मध्ये बरखास्त झाले.

मालकाने स्वतः माल काढला नाही, एवढ्यावर मात्र चिन्ह जात नाही. मुंबईच्या मॅक लॅबोरेटरीजने एका अमेरिकी कंपनीच्या ‘ड्रिस्टान’ या औषधाच्या चिन्हावर असाच आक्षेप घेतला होता. कंपनी स्वतः भारतात औषध विकणार नव्हती. मुंबईच्याच जेफ्री मॅनर्स या सहयोगी कंपनीमार्फत ते येणार होते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये आक्षेप फेटाळला. आजच्या कायद्यातही मालकाच्या संमतीने, लेखी करारान्वये झालेला वापर मालकाचाच धरला जातो. आपल्याकडे धाकट्या भावाला नाव वापरू देताना कागद करणे परकेपणाचे वाटते. नेमका तोच कागद पुढे सापडत नाही.

दुसरा निकाल तंबाखूचा आहे. माल या सभागृहाला न रुचणारा, निकाल मात्र फार उपयोगाचा. वझीर सुलतान टोबॅको कंपनीने ‘चारमिनार’ हे नाव सर्व प्रकारच्या तयार तंबाखूसाठी नोंदविले होते. विकत होती ती केवळ सिगारेट. जर्दा आणि किवाम विकणाऱ्या हैदराबादच्या व्यापाऱ्याने हरकत घेतली आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नोंद सिगारेटपुरती मर्यादित केली. डाळ विकणाऱ्याने डाळ, तेल, मसाले, पापड असे सारेच नावावर करून ठेवले, तरी जे विकले नाही त्यावरील हक्क कच्चाच राहतो.

न वापरण्याला सबळ कारण असेल तर कायदा ते ऐकतो. परंतु कारण त्या व्यापारातील विशेष परिस्थितीचे हवे, जसे की कायद्याने आलेले निर्बंध. घरातील वाटणीचा तंटा त्यात सहसा बसत नाही. अर्जदाराने प्रथम बाजारात, मग तो जळगावचा दाणा बाजार असो वा धुळ्याचा आग्रा रोड, चौकशी करून तो माल मिळत नसल्याचे दाखवावे लागते. त्यानंतर मालकाला विक्रीची बिले, बिल्टी, छापील पिशव्यांची बिले, जाहिराती असा पुरावा द्यावा लागतो. जुनी बिले रद्दीत घालणाऱ्या पेढ्या येथे अडचणीत येतात, माल विकला असूनही.

धुळ्याच्या त्या तरुणाला आणखी एक मार्ग आहे. अर्ज करण्याआधी जळगावच्या घरी जाऊन नाव रीतसर मागता येते. चिन्हाचे हस्तांतरण लेखी होऊ शकते. त्यासाठी मोबदला ठरवून दस्त करावा, बंद पडलेल्या मिलच्या सर्व वारसांच्या सह्या घ्याव्यात आणि तो बदल व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयात नोंदवून घ्यावा.