नदीखोऱ्याचा कारभार आणि रयतेचा वाटा

(पनवेल तालुक्यातील शेतकऱ्यांच्या सभेत एका प्राथमिक शिक्षकाने केलेले भाषण)



शाळेत आम्ही मुलांना तालुक्याजिल्ह्यांच्या हद्दी शिकवतो. पण पाणी तलाठ्याचा नकाशा पाहून वाहत नाही. ते डोंगराचा उतार पाहून वाहते. ज्या मुलखाचे पाणी एका नदीत उतरते ते तिचे खोरे. वरचे रान, मधले शेत आणि खालची खाडी यांचा हिशेब एकाच वहीत पाहिजे, हे सरकारलाही पटले.

2003 साली राज्याने जलनीती ठरवली, 2005 साली कायदा केला. गोदावरी, कृष्णा, तापी, नर्मदा आणि कोकणातील पश्चिमवाहिनी नद्या, असे पाच भाग. प्रत्येकाचा आराखडा करावा, ते जोडून सबंध राज्याचा एक करावा. मुख्य सचिवांच्या मंडळाने तो रचावा, मुख्यमंत्र्यांच्या परिषदेने मंजूर करावा, प्राधिकरणाने त्याबरहुकूम पाण्याचे हक्क ठरवावेत. बेत उत्तम! पण आराखडा पुरा होण्यास 2018 साल उजाडले. तोवर धरणे थांबली काय? मुळीच नाही. आराखडा झोपला होता, टेंडरे जागी होती. आराखड्यावाचून प्रकल्प मंजूर झाले, म्हणून प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले.

आता आपल्या घरचे पाहा. गाढी नदीवरील देहरंगचे धरण पनवेल शहराला उन्हाळाभर पुरत नाही. मग शहर पाताळगंगेकडे हात पसरते. ऐन उन्हाळ्यात पाताळगंगेला पाणी कोठून येते? लोणावळ्याकडील टाटांच्या तलावांचे पाणी 1915 पासून खोपोलीच्या वीजघरात उतरते, तेच हे. मुळात ते भीमेचे, म्हणजे कृष्णा खोऱ्याचे! पेणचे हेटवणे धरण शेतीसाठी बांधले. त्याचे पाणी सिडकोच्या वसाहतींना जाते. खालापूरचे मोरबे नवी मुंबईची तहान भागवते. शहरातील माणूसही आपलाच भाऊ आहे. त्याने तहानलेले राहावे असे कोण म्हणेल? पण धरणाखालच्या गावाचा वाटा कोणी मोजला?

कोकणात राज्याची सुमारे एकदशांश जमीन, पाणी मात्र 40 टक्क्यांहून अधिक. तरी डोंगरवाडीवरच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरत नाही. उणीव पाण्याची नसून हिशेबातल्या आपल्या खान्याची आहे. परिषदेत मंत्री, मंडळात सचिव. या बाईची खुर्ची कोठे? जोतीरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, त्यात तळी, बंधारे घालून पाणी अडवण्याचा उपाय सांगितला. तो रयतेच्या बांधावरून केलेला विचार होता. आराखडाही तेथूनच सुरू व्हावा.

म्हणून ग्रामसभेने तीन ठराव करावेत. आपल्या खोऱ्याचा आराखडा सोप्या मराठीत पंचायतीच्या फलकावर लावावा. माणसे, गुरे आणि शेती यांना किती पाणी लागते ते गावाने स्वतः मोजून लेखी कळवावे. खोऱ्याबाहेर पाणी नेण्यापूर्वी धरणाखालच्या गावांचा वाटा कागदावर ठरावा.

मोजणीस शाळेची मुले आणि मी येऊ. विहिरींची यादी आजच करू या.