आपलं लिहिणं, आपल्या हातानं



आपल्या नागपूर जिल्ह्यात मोहपा गाव आहे. किसन फागुजी बनसोडे त्या गावचे. जन्म १८७९ सालचा. त्या काळी त्यांच्या समाजाला अस्पृश्य म्हणत. ना विहीर मोकळी, ना देऊळ. आपलं दुःख चार लोकांपुढं मांडावं, तर छापणार कोण? मग बनसोड्यांनी स्वतःचाच छापखाना काढला. 'निराश्रित हिंद नागरिक', 'विटाळ विध्वंसक', 'मजूर पत्रिका' अशी पत्रं त्यांनी चालवली. एक बंद पडलं की काही काळानं दुसरं.

फलटणच्या बेबीताई कांबळे यांची गोष्ट वेगळी. त्यांचं लहानसं दुकान होतं. माल बांधायला रद्दीचे कागद येत. त्यावर छापलेलं त्या वाचत. वाचता वाचता लिहू लागल्या. काय लिहिलं? राजाराणीची कहाणी नव्हे. आपल्या महारवाड्यातल्या बायांचं जिणं लिहिलं. भूक, बाळंतपण, सासुरवास, सगळं. घरात कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवत. अशी वर्षांमागून वर्षं गेली. १९८२ साली ते लिखाण 'स्त्री' मासिकात आलं. पुढं त्याचं 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. ते इंग्रजीतही गेलं.

आता तुमच्या हातात मोबाईल आहे. छापखाना नको, संपादकाची मर्जी नको. चार ओळी लिहा, बोट टेकवा. सुरतेला कामाला गेलेला भाऊ त्या लगेच वाचतो.

पण होतं काय? आपण आपलं लिहीतच नाही! दुसऱ्याचं आलेलं पुढं ढकलतो. सकाळी फुलांचं चित्र, दुपारी कुणाची तरी निंदा. ते खरं की खोटं, कोण पाहतो? धुळे जिल्ह्यात राईनपाडा गाव आहे. मुलं पळवणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. १ जुलै २०१८ रोजी तिथं पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे लोक होते. मुलं पळवणारे नव्हते.

काही जण म्हणतात, "लिहिलं तर पोलीस धरतील." ही भीती अगदीच उगाच नाही. २०१२ साली पालघरला दोन मुलींना अटक झाली. एकीनं फेसबुकवर मुंबई बंदबद्दल लिहिलं होतं, दुसरीनं ते आवडलं म्हणून खूण केली होती. ज्या कलमाखाली असं धरत, ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ साली रद्द केलं. आणि २०२१ साली हायकोर्टाच्या आपल्या नागपूर खंडपीठानं सांगितलं की, व्हॉट्सॲपच्या गटात एखाद्यानं वाईट लिहिलं, म्हणून गट चालवणाऱ्याला आपोआप गुन्हेगार धरता येत नाही. त्याचा त्यात हात असला तर गोष्ट निराळी. मात्र धमकी देणं, बदनामी करणं, जातीधर्मात भांडण लावणं हे गुन्हे आजही आहेत. लेकीबाळींचे फोटो, आधारचा नंबर, बँकेतून आलेला आकडा हेही तिथं टाकू नका.

मग लिहायचं काय? आपल्या विहिरीचं पाणी किती हात खाली गेलं, ते लिहा. कापूस काय भावानं गेला, अडत किती कापली, ते लिहा. काटोलकडं संत्र्याला गळ लागली, तुमच्या बागेत लागली का? दवाखान्यात डॉक्टर कोणत्या वारी येतात? बायांनो, तुम्ही तर आजीच्या ओव्याच लिहून ठेवा. आजी गेली की त्या जातील. काना-मात्रा चुकली तरी चालेल. वाचणाऱ्याला कळतं.

एक वहीसुद्धा ठेवा. मोबाईल पाण्यात पडतो, हरवतो. आधी वहीत लिहा, मग मोबाईलवर उतरवा. अक्षरं सापडत नसतील, तर पाटीवरच्या माइकच्या चित्रावर बोट ठेवा आणि हळू बोला. तुमचं बोलणं मराठीत उमटेल. ते एकदा वाचून पाहा, कारण तो यंत्राचा कान आहे. 'पऱ्हाटी' म्हणालात तर भलतंच काही उमटेल!