शब्द आणि करारपत्र



हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकणारा शेतकरी अडत्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असतो. तरीही वजनाची आणि भावाची पावती तो घरी आणतोच. त्यात अडत्याला अपमान वाटत नाही. परंतु लेखणीच्या व्यवहारात मात्र कागद मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज रूढ आहे.

आज आर्वी-हिंगणघाटचा तरुणही इंटरनेटवरील माध्यमांसाठी घरबसल्या लेख, संहिता, अनुवाद करू शकतो. समोरच्याची ओळख केवळ फोनवरची असते. सारे तोंडी ठरते. मग मानधन लांबते, किंवा तोच मजकूर पुढे श्राव्य पुस्तक होऊन दुसऱ्याच्या नावाने झळकतो. जाब विचारला, तर उत्तर येते, ‘आपल्यात कागद कशाला?’

या प्रश्नाचे उत्तर वर्धा जिल्ह्याच्याच इतिहासात आहे. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामी राहू लागले. नवजीवन ही तर त्यांचीच संस्था. तिच्यावर त्यांचा पूर्ण विश्वास. तरीही आपल्या लेखनाचे हक्क त्यांनी १९४० मध्ये मृत्युपत्राद्वारे नवजीवन ट्रस्टकडे सोपवले. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. पण हक्क कोणाचा, याचे लेखी उत्तर मागे होते. पुढे कायद्याने ठरवलेली ६० वर्षांची मुदत संपून १ जानेवारी २००९ पासून ते लेखन सर्वांसाठी खुले झाले. विश्वास होता, म्हणूनच तो लिहून ठेवला गेला.

१९५७ चा कॉपीराइट कायदाही हेच सांगतो. लेखकाच्या स्वाक्षरीच्या लेखी दस्ताशिवाय हक्काचे हस्तांतरण वैध होत नाही. दस्तात मुदत लिहिली नसेल, तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल, तर हक्क भारतापुरताच समजला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करारकाळी अस्तित्वात नसलेल्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर त्याचा हक्क प्रकाशकाकडे जात नाही. ई-मेलवर झालेला करार केवळ त्या स्वरूपामुळे अवैध ठरत नाही. म्हणून काम, मानधन, देण्याची तारीख, श्रेयनाम आणि वापराची मर्यादा या पाच गोष्टी काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्याव्यात. हक्कच कायमचा द्यायचा असेल, तर स्वाक्षरीचा स्वतंत्र दस्त करावा.

अर्थात, कागद सर्वस्व नव्हे. न वाचता सही केलेला वीस पानी करार लेखकालाच बांधून टाकतो. चार हजारांच्या मानधनासाठी न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही. वेळेवर पैसे देणारा संपादक आणि मुदत पाळणारा लेखक हाच व्यवहाराचा खरा पाया होय. कागद सज्जनांना स्मरण देतो आणि त्यांच्या पश्चात मुलाबाळांना आधार देतो.

तेव्हा कागद मागताना संकोच नको आणि देताना राग नको. चोख व्यवहारानेच स्नेह टिकतो.