खरेदीखताचा खर्च आधी विचारा
(कळंब येथे केलेले भाषण)



कापूस विकताना आपण काट्यावरून नजर हलवीत नाही. पण वावराचे खरेदीखत करताना लिहिणारा सांगेल तेवढे मुकाट्याने मोजतो. ठरते एक, आणि नोंदणीच्या दिवशी मागणी येते दुसरीच! मजकुराचे, साक्षीदारांचे, फेरफाराचे, वर चहापाण्याचे. पैसा कमी पडला की त्याच पावली सावकाराचे दार!

सरकारी देणे कोणते, हे आम्ही सांगतो. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि पानांप्रमाणे दस्त हाताळणीचे शुल्क. ठरलेली किंमत व सरकारी बाजारमूल्य यांत जी रक्कम जास्त, तिच्यावर मुद्रांक बसतो. पुष्कळांचा हिशेब येथेच चुकतो. दुसरे काही ठरले नसेल, तर मुद्रांक घेणाऱ्याने भरावयाचा. फीचा तक्ता जिल्ह्याच्या भाषेत प्रत्येक नोंदणी कचेरीत लावलाच पाहिजे, असे १९०८ च्या नोंदणी कायद्याचे ७९ वे कलम सांगते. तो वाचा, वाचता येत नसेल तर शिकलेल्या पोरीकडून वाचवून घ्या. नोंदलेल्या दस्ताची खबर फेरफारासाठी तलाठ्याकडे कचेरीतूनच जाते. त्याकरिता निराळा अर्ज लागत नाही.

लिहिणाऱ्याला मेहनतीचा मोबदला जरूर द्या. पण सुतार वखराला हात लावण्याआधी मजुरी बोलतो. तसा याचाही आकडा आधी कागदावर घ्या. जो पैसा पावतीवर चढत नाही, तो देऊ नका. एकटे जाऊ नका. गावातला एक जाणता माणूस सोबत न्या.