जळीत रुग्णांचे उपचार आणि पुराव्याची शिस्त



गंभीररीत्या भाजलेल्या रुग्णांच्या उपचारांवरील संशोधनासाठी भरलेल्या या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

ही परिषद मुंबईत भरत आहे, यात औचित्य आहे. मरणोत्तर दान केलेली त्वचा जतन करून ती भाजलेल्यांच्या जखमांवर तात्पुरते आवरण म्हणून पुरवणारी देशातील पहिली त्वचापेढी 2000 साली येथेच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात सुरू झाली. उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे आणि केळीच्या पानाचे आच्छादन जखमेवर कितपत उपयोगी पडते, याचा पद्धतशीर अभ्यासही याच शहरात झाला. सोलापुरात उथळ भाजलेल्या 104 रुग्णांमध्ये मध आणि रूढ सिल्व्हर सल्फाडायझिन मलम यांची केलेली तुलना 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या वस्तूलाही प्रचलित उपचाराशेजारी ठेवून पारखले पाहिजे, हा आग्रह या कामातून दिसतो. मात्र हे निष्कर्ष उथळ जखमांपुरतेच घ्यावे लागतात. त्वचेची पूर्ण जाडी जळते आणि शरीराचा मोठा भाग व्यापला जातो, तेव्हा प्रश्नच बदलतो.

खोल जखमेवरील मृत त्वचा आपोआप सुटून येईपर्यंत वाट पाहण्याची रीत पूर्वी सर्वत्र होती. तत्कालीन युगोस्लाव्हियातील मारिबोरच्या झोरा यान्झेकोविच यांनी पहिल्या काही दिवसांतच मृत थर पातळ कापांनी काढून, रक्त देणारी ऊती दिसताच त्यावर रुग्णाचीच निरोगी त्वचा लावण्याची पद्धत रूढ केली आणि 1970 मध्ये ती जगापुढे मांडली. अनुभवातून आलेली ही पद्धत टिकली. परंतु अनुभवाचा प्रत्येक कौल टिकतोच असे नाही. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल दिल्याने संसर्ग आणि मृत्यू कमी होतात, असे लहान अभ्यास सुचवीत होते. मात्र 14 देशांतील सुमारे 1200 रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीत, म्हणजे कोणाला ग्लुटामिन आणि कोणाला त्याऐवजी निष्प्रभावी पदार्थ मिळेल हे यदृच्छेने ठरवणाऱ्या चाचणीत, त्यामुळे रुग्ण जिवंत राहून लवकर घरी जातात असे आढळले नाही, हे 2022 मध्ये स्पष्ट झाले.

अशी चाचणी एकट्या रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची असते, कारण भाजण्याची खोली, व्याप्ती, वय आणि धुराने फुप्फुसांना झालेली इजा यांमुळे दोन रुग्ण क्वचितच सारखे असतात. असह्य वेदनेत किंवा कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या माणसाची संमती कशी घ्यावी, हा प्रश्नही तितकाच बिकट आहे. नातेवाइकांनी दिलेली परवानगी रुग्ण शुद्धीवर येताच त्याच्यापुढे पुन्हा ठेवणे, ही त्यातली किमान शिस्त होय. शिवाय, जीव वाचला एवढ्यावर यश मोजले, तर आकसलेली बोटे, व्रणांची खाज आणि बुडालेला रोजगार हिशेबाबाहेर राहतात.

म्हणून उपचारांच्या नोंदी सर्व केंद्रांनी एकाच पद्धतीने ठेवाव्यात आणि रुग्ण घरी गेल्यानंतरची वर्षेही त्या नोंदींत यावीत, यावर या परिषदेत एकमत व्हावे, अशी स्वागत समितीची अपेक्षा आहे.