पर्यायाचे नाव कोणासाठी?

एखादा दुकानदार बिलाचे पैसे तीनच तऱ्हांनी घेतो असे समजू: रोख, चेक किंवा कार्ड. रोखीपुढे काही लिहावे लागत नाही. चेकला त्याचा नंबर हवा, कार्डाला शेवटचे चार आकडे हवेत. 'यांपैकी एक आणि एकच' अशी माहिती संगणकाला नेमकी सांगण्याची सोय फंक्शनल पद्धतीच्या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये असते. तिला युनियन टाइप म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक पर्यायाला केस.

आता गंमत पाहा. ही नावे माणसाच्या सोयीची. यंत्राचे काम नुसत्या क्रमांकावर भागते. मग पावतीवर 'चेक' असे छापायचे, तर ते नाव आणायचे कुठून?

फ्रान्समधल्या इन्रिया या संशोधन संस्थेत घडलेली ओकॅमल ही भाषा याबाबतीत काटकसरी आहे. प्रोग्रॅम यंत्रासाठी तयार झाला, की 'रोख'सारख्या साध्या पर्यायाच्या जागी केवळ एक पूर्णांक उरतो. नाव गळून जाते. ओकॅमलकडून पुष्कळ काही घेतलेली एफ शार्प ही भाषा डॉन साइम यांनी मायक्रोसॉफ्टच्या केंब्रिज येथील संशोधन केंद्रात घडवली. तिची पहिली आवृत्ती २००५ साली आली. ती डॉट नेटवर चालते आणि तिथे ही नावे तयार प्रोग्रॅमसोबतच राहतात. चालू प्रोग्रॅम स्वतःलाच विचारू शकतो, 'माझ्याकडे पर्याय कोणते?' आणि नावांची यादी मिळते. या सोयीला रिफ्लेक्शन म्हणतात.

सोय चांगली, पण धोका इथेच आहे. असे आयते मिळालेले 'चेक' हे नाव फाइलीत साठवत गेलो आणि वर्षभराने कोणी प्रोग्रॅममध्ये ते बदलून 'धनादेश' केले, तर? प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर तक्रार करणार नाही, कारण तो प्रोग्रॅम वाचतो, आपल्या जुन्या फाइली नव्हे. जुन्या नोंदी मात्र ओळखू येईनाशा होतील. नावाऐवजी क्रमांक साठवला तर आणखी पंचाईत. मध्येच एक नवा पर्याय घातला, की पुढचे सगळे क्रमांक सरकतात आणि चेकची नोंद बिनबोभाट दुसरीच काही होऊन बसते.

यावर उपाय जुनाच आणि साधा आहे. कोणत्या पर्यायासाठी फाइलीत कोणता शब्द लिहायचा, हे आपण स्वतः एका जागी लिहून ठेवावे. पर्याय दहा असले तर दहा ओळी लिहाव्या लागतील, पण नवा पर्याय आला आणि त्याची ओळ राहिली, तर कंपायलर लगेच इशारा देतो. रिफ्लेक्शन चाचणीसाठी किंवा चुका शोधताना खुशाल वापरावे.

प्रोग्रॅममधले नाव आपल्या घरातले असते, हवे तेव्हा बदलता येते. फाइलीत उतरलेले नाव मात्र दिलेल्या शब्दासारखे असते. ते विचार करूनच द्यावे.

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)