नकाशावरची 'रिकामी' जागा

(युवक शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय 'जुन्या गोदीचा पुनर्विकास आणि वास्तुरचना'. ऐकूनच अर्ध्यांना जांभई आली असेल. येऊ द्या. मी काही प्राध्यापक नाही, ड्राफ्ट्समन आहे. साहेब हवेत बोटाने जी रेघ ओढतात ती मी आधी ट्रेसिंगवर ओढायचो, आता कॉम्प्युटरवर ओढतो. पंचवीस वर्षं रेघा ओढल्यावर एवढं कळलंय की वस्ती पाडायला बुलडोझर फार उशिरा येतो. त्याच्या कितीतरी आधी ती कागदावरून गेलेली असते.

कशी, ते सांगतो. नकाशात थर असतात, लेयर म्हणतात त्याला. रस्त्यांचा एक लेयर, झाडांचा एक, आणि आज जे उभं आहे त्याचा एक. मंत्र्यांपुढे प्रेझेंटेशन असलं की साहेब म्हणतात, "तो खालचा लेयर बंद कर रे, गिचमिड दिसतं." मी बटण दाबतो. वखारी गेल्या, भंगाराची दुकानं गेली, झोपड्या गेल्या, नळावरची रांग गेली. उरली पांढरीशुभ्र जमीन आणि बाजूला निळा समुद्र. मग तिच्यावर ताडाची झाडं लावायची. माणसंही लावतो आम्ही, तयार मिळतात. गोरी, सडपातळ, हातात कॉफीचा कप. डोक्यावर पाटी घेतलेला माणूस त्या लायब्ररीत नसतो, मी शोधून बघितलाय.

तुम्हाला वाटेल, टाऊन प्लॅनिंग ही विलायती विद्या, आपला काय संबंध? अरे, आपल्याइतका तिचा अनुभव आहे कुणाला! गावकूस कुणी आखलं? वरचा पाणवठा कुणाचा, खालचा कुणाचा, कुणाच्या अंगावरचा वारा कुणाच्या ओसरीवर जाता कामा नये, सगळं ठरलेलं होतं. नकाशा कागदावर नव्हता, पाटील-कुलकर्ण्यांच्या डोक्यात होता, एवढाच फरक. आणि पाण्याच्या काठाचं म्हणाल तर महाड घ्या. १९२४ साली नगरपालिकेने ठराव केला, चवदार तळं सगळ्यांना खुलं. कागदावर तळं सार्वजनिक झालं. पायऱ्या मात्र बंद त्या बंदच. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसं घेऊन त्या पायऱ्या उतरले तेव्हा कुठे ठरावाला पाणी लागलं, आणि मग मार खाल्ला तो वेगळा. म्हणून आज कुणी 'पब्लिक वॉटरफ्रंट' म्हणालं की मी तीन गोष्टी विचारतो. पायऱ्या कुठे आहेत? गेट कुठे आहे? गेटवर उभा कोण आहे?

आता आपल्या पूर्व किनाऱ्याकडे या. पोर्ट ट्रस्ट १८७३ सालचा. ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, मग व्हिक्टोरिया, मग १९१४ ला अलेक्झांड्रा, जिला आज इंदिरा डॉक म्हणतात. ती खोदताना निघालेली माती-दगड भरावाला घातले आणि वर बॅलार्ड इस्टेट उठली. जॉर्ज विटेटने आखली, गेटवे ऑफ इंडियावाला. एका उंचीच्या इमारती, सरळ रस्ते, सावली देणाऱ्या कमानी. देखणं काम आहे, मी नाही म्हणत नाही. पण कमानीखाली बसायचा हक्क बोटकंपन्यांच्या गोऱ्या साहेबांचा, आणि ज्यांनी टोपल्यांनी तो खड्डा उपसला त्यांच्यासाठी विटेटने एक खिडकीसुद्धा काढली नाही.

माझा बाप गोदीत पाठीवर गोणी वाहायचा, खांद्याला लोखंडी आकडा अडकवून. आमच्या चाळीतले निम्मे बाप्ये गोदीत, बाकीचे रेल्वेत नाहीतर महापालिकेत. गिरणीत होते तेही विणकाम खात्यात नव्हते. तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपलं तोंड लागलेला धागा चालत नसे. पगार जास्त त्याच खात्यात, हा योगायोग नव्हे. गोणी मात्र चालायची. आपल्या पाठीने साखर विटाळत नाही, असं शास्त्र असावं.

१४ एप्रिल ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १९४४ साली त्याच दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' नावाचं जहाज फुटलं. आत कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले, त्यांची स्मृती दरवर्षी पाळतात, पाळायलाच हवी. पण हमाल, तांडेल, आसपासच्या वस्तीतली माणसं किती गेली? शेकड्यांनी. आकडा पुस्तकागणिक बदलतो. सोन्याच्या विटा मात्र पुढे वर्षानुवर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या आणि एकेक मोजून घेतली गेली. मोजायचं काय आणि सोडायचं काय, हे या किनाऱ्यावर तेव्हाही पक्कं होतं.

पुढे १९४८ ला गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा झाला. त्याआधी सकाळी गेटवर उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत, नाहीतर घरी. रजिस्टरवर नाव चढलं आणि हमालाचा कामगार झाला. हे रजिस्टर लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

१९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं, मालाचे लोखंडी डबे आले, आणि हजारो पाठींचं काम एका क्रेनने खाल्लं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या गोद्या भराव टाकून बुजवल्या. बंदर मेलेलं नाही, तेल येतं, मोटारी जातात. पण कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंतच्या जमिनीकडे आता बंदर म्हणून कुणी बघत नाही, भाव म्हणून बघतात. २०१४ ला केंद्राने समिती नेमली. २०१८ ला पोर्ट ट्रस्टलाच नियोजन प्राधिकरण केलं आणि साडेनऊशेहून जास्त हेक्टरचा मसुदा आराखडा काढला. म्हणजे जमिनीचा मालक तोच, नकाशा काढणारा तोच. निवडून दिलेल्या महापालिकेच्या हातात त्या जमिनीचं नियोजन नाही.

त्या 'रिकाम्या' जमिनीवर काय आहे? दारूखाना आहे. विमानवाहू 'विक्रांत' २०१४ साली तिथेच तोडली. तिच्या लोखंडातून एका कंपनीने मोटारसायकल काढली, देशभक्तीच्या जाहिराती केल्या. गॅसकटर घेऊन ती तोडली कुणी, ते जाहिरातीत नव्हतं. तेल, गंज, रसायनं त्या मातीत मुरलीत, आणि कामगारांच्या फुप्फुसातही. माती साफ करायचा खर्च प्रत्येक आराखड्यात धरतात, फुप्फुसांचा कुठल्याच धरत नाहीत. कौला बंदर आहे. जमीन केंद्राची, म्हणून वस्तीला झोपडपट्टीची मान्यता नाही, आणि मान्यता नाही म्हणून महापालिकेचा नळ नाही. कित्येक वर्षं तिथली माणसं रबरी पाइपातून लिटरवर पाणी विकत घेत आली, पक्क्या इमारतीतल्या माणसापेक्षा कितीतरी महाग. तीन बाजूंनी समुद्र आणि पाणी विकत! शिवडीहून अटल सेतू निघतो, जानेवारी २०२४ ला उघडला. मोटारीला एका खेपेचे २५० रुपये ठेवले, मोटारसायकल आणि रिक्षाला बंदी. दारूखान्याचा पोरगा तो पूल बघू शकतो, बघायला पैसे नाहीत.

साहेब लोक टेबलावर लंडनच्या गोदीचे फोटो ठेवतात, म्हणून लंडनचं सांगतो. तिथली वेस्ट इंडिया डॉक १८०२ ची, गुलामांच्या मळ्यातली साखर उतरवायला बांधलेली. ती काढणाऱ्या रॉबर्ट मिलिगनचा पुतळा तिथे उभा होता, तो जून २०२० मध्ये काळ्या माणसांच्या आंदोलनाच्या रेट्याने हलवावा लागला. १९८१ पर्यंत तिथल्या गोद्या बंद पडल्या. थॅचरबाईंनी एक विकास महामंडळ बसवलं, निवडून आलेल्या स्थानिक कौन्सिलांकडून नियोजनाचा अधिकार काढून त्याला दिला. ओळखीचं वाटतंय ना? तिथे कॅनरी वॉर्फ झालं, १९९१ ला पन्नास मजल्यांचा मनोरा. पुढच्याच वर्षी बिल्डरचं दिवाळं. पुन्हा सावरलं, बँका आल्या. काठावरून फिरता येतं, पण रस्ते कंपनीचे, शिपाई कंपनीचे. बँकांच्या फरशा पुसणाऱ्यांना जगण्याइतकी मजुरी मिळावी म्हणून पूर्व लंडनच्या लोकांना २००१ पासून लढा उभारावा लागला.

पण त्याच नदीवर, वॉटर्लूजवळ, कॉइन स्ट्रीट आहे. त्याचे फोटो टेबलावर नसतात. तिथे बिल्डरला ऑफिसचे मनोरे हवे होते, आराखडा रिचर्ड रॉजर्सचा, म्हणजे जगातल्या नावाजलेल्या आर्किटेक्टचा. रहिवाशांनी १९७७ ला समिती केली आणि नुसता निषेध न करता स्वतःचा नकाशा काढला. चौकशीपुढे चौकशी, सात वर्षं. १९८४ ला बिल्डर हटला आणि लंडनच्या कौन्सिलने १३ एकर जमीन दहा लाख पौंडांत रहिवाशांच्या संस्थेला दिली. इतकी स्वस्त कशी? इथे कान द्या. कौन्सिलने आधी जमिनीवर अटी लिहिल्या, इथे परवडणारी घरं आणि काठावर सगळ्यांची वाट. अट चढली आणि भाव उतरला. भाव देव ठरवत नाही, वापराची अट ठरवते. नकाशा बदलण्याआधी सातबारा बदलला त्यांनी, आपल्या भाषेत सांगायचं तर. मोकळ्या तुकड्यांवर पार्किंग चालवून पैसा उभा केला. ऑक्सो टॉवर नावाची मांसाच्या अर्काची जुनी वखार पाडली नाही. खाली कारागिरांचे गाळे, मधल्या पाच मजल्यांवर सहकारी घरं, वर महागडं हॉटेल. ती घरं विकून नफा कमावता येत नाही. घरं सगळी मिळून सव्वादोनशेच्या आतच, त्याने लंडनचा प्रश्न सुटला नाही. पण वखार उभी ठेवून तिच्यात माणसं राहू शकतात, हे विटांनी सिद्ध झालं.

आपल्याकडे काय झालं तेही बघा. १९८२ चा संप, मग गिरण्यांची जमीन. १९९१ चा नियम: एक तृतीयांश महापालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेली मालकाला. १९९६ ला चार्ल्स कोरियांच्या समितीने आराखडा दिला. २००१ ला नियमात बदल केला, वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. शेडखालची जमीन सुटली, आणि गिरणी म्हणजे बहुतेक शेडच. २००६ ला सुप्रीम कोर्टाने त्यावर शिक्का मारला. मोर्चे आपण काढत होतो, आणि गेलं ते एका उपकलमात. पोरांनो, उपकलमं वाचायला शिका. कविता लिहा, जरूर लिहा, पण उपकलमं वाचा.

पुनर्वसनाचं गाजर दाखवतील तेव्हा फूटपट्टी काढा. गोवंडी-मानखुर्दला प्रकल्पग्रस्तांच्या अशा इमारती आहेत की दोघींमधलं अंतर तीन मीटरच्या घरात. खालच्या मजल्यावर दुपारी दिवा लागतो, आणि क्षयरोग तिथे ठाण मांडून बसतो, अभ्यासकांनी दाखवून दिलंय. तीन मीटर! माझ्या ऑफिसात मोटार वळवायला याच्या दुप्पट सोडतात. काठ साहेबांना आणि ही भेग आपल्याला, हाच नवा पाणवठा.

तर मागायचं काय? काठ आणि इमारत यांच्यामध्ये सरकारी रस्ता पाहिजे, सोसायटीचा नव्हे. पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या पाहिजेत, कोळ्यांची होडी लागेल अशा. वखारींचे मोठे गाळे तोडकाम-भंगार-मरम्मत करणाऱ्यांच्या हातात राहिले पाहिजेत, म्युझियमच्या नाही. घरं जिथली तिथे, माहुलला नाही. आणि या अटी जमीन लिलावात काढण्याआधी कागदावर चढल्या पाहिजेत, नंतर चढवलेल्या अटीला कोर्टात कुणी विचारत नाही.

आणि याला पुरावा लागतो. म्हणून रजिस्टर. बंद केलेला तो लेयर आपण आपल्या हाताने पुन्हा काढायचा. येत्या रविवारी सकाळी सात वाजता रे रोड स्टेशनच्या पूर्वेला जमतोय. घर, गाळा, नळ, संडास, झाड, होडी, सगळं मोजायचं, कोण किती वर्षं राहतं ते लिहायचं. रेघा मी ओढीन. दोघादोघांची जोडी, एक टेप धरणार, एक लिहिणार. टेप पन्नास मीटरचा आणा, पाचचा चालत नाही. वहीचं पान डावीकडे दोन बोटं कोरं सोडा, तिथे घरातल्या बाईची सही घ्यायची, कारण पुरुष त्या वेळी कामावर असतात आणि पाणी किती वाजता येतं ते तिलाच ठाऊक असतं.